लग्न झालंय का?

मी बंगळूरच्या एका पदवी महाविद्यालयात इतिहास शिकवते. गेल्या वर्षी आमच्याकडे मुलामुलींसाठी एक व्याख्यान ठरले. पहिल्या परिपत्रकात विषय 'लैंगिक आरोग्य' असा होता. दुसऱ्यात नुसते 'आरोग्य' उरले. सूचनाफलकावर लागेपर्यंत त्याचे 'तारुण्य आणि जीवनमूल्ये' झाले होते. बोलायला एक स्त्रीरोगतज्ज्ञ येणार होत्या. त्यांच्या आधी दहा मिनिटे या विषयाचा इतिहास सांगावा, असे माझ्याकडे आले. इतिहासवाल्यांना अशी दहा मिनिटे नेहमी मिळतात. पाहुणे सिल्क बोर्डच्या वाहतुकीत अडकले तर ती वाढतातही.

मुलांनी नाव न घालता प्रश्न लिहून टाकावेत म्हणून ग्रंथालयाच्या दाराशी बुटांचा एक रिकामा खोका ठेवला होता. आठवड्याने तो उघडला. चिठ्ठ्या बहुतेक इंग्रजीत आणि कन्नडमध्ये, काही हिंदी-तमिळमध्ये, आणि दोन मराठीत. बेळगाव-निपाणीकडची मुले आमच्याकडे दरवर्षी असतात, त्यामुळे त्याचे नवल नव्हते. त्या दोन मराठी चिठ्ठ्यांपैकी एकीवर एवढेच होते : 'दवाखान्यात आधी विचारतात, मॅरीड का? तेव्हा काय सांगायचं?'

पाळी लांबली म्हणून गेली असेल, खाज सुटली म्हणून गेली असेल, कदाचित नुसतेच पोट दुखत असेल. चिठ्ठीवरून काही कळत नव्हते. पण माझी दहा मिनिटे कशावर खर्च करायची हे त्या चिठ्ठीने ठरवले. दवाखान्याच्या दारात हा प्रश्न कधीपासून उभा आहे?

आमच्या शहरापुरते बोलायचे तर सुरुवातीची तारीख नेमकी सांगता येते. ११ जून १९३० रोजी म्हैसूर संस्थानच्या सरकारने राज्यातल्या प्रमुख सरकारी रुग्णालयांत संततिनियमनाचे दवाखाने उघडण्याचा हुकूम काढला. जगात एखाद्या सरकारने स्वतःहून असे दवाखाने उघडण्याची ही पहिली वेळ मानतात. गादीवर चौथे कृष्णराज वडियार होते, दिवाण मिर्झा इस्माइल. रस्त्यांवर झाडे लावणारे, कारंजी उभारणारे हे दिवाण बंगळूरकरांना अजून आठवतात. या दवाखान्यांबद्दल मात्र वर्गात विचारले तर एकही हात वर होत नाही. ब्रिटिश अमलाखालच्या प्रांतांत सरकार या विषयाला हात लावायला बिचकत होते, आणि एका संस्थानाने तो प्रश्न आरोग्यखात्याकडे सोपवून टाकला होता. या गोष्टीचा अभिमान वाटावा इतकी ती मोठी आहेच.

पण त्या काळात संततिनियमनाचा दवाखाना म्हणजे विवाहितेचा दवाखाना. हे एकट्या म्हैसूरचे नव्हते. १९२१ साली लंडनला मेरी स्टोप्सबाईंनी जो दवाखाना काढला, त्याचे नावच 'मातांचा दवाखाना', आणि तिथली मोफत सेवा विवाहित स्त्रियांसाठी होती. चळवळीला समाजात उभे राहायचे तर तिला आईचा पदर धरणे भाग होते. सहा बाळंतपणांनी खंगलेली बाई पुढे केली की विरोधकाचाही आवाज खाली येई. कॉलेजात शिकणारी, लग्न न झालेली, सगळे अवयव शाबूत असलेली मुलगी पुढे करून कोणाचेच मन द्रवले नसते. त्यामुळे तिला कोणी पुढे केले नाही.

एका माणसाने दार जवळजवळ उघडे ठेवले होते. तो कॉलेजात गणित शिकवत होता आणि त्यापायी त्याची नोकरी गेली.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. या नियतकालिकाच्या इतर भाषांतल्या वाचकांसाठी थोडे सांगते. जन्म १८८२, कोकणातल्या मुरूडचा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ते थोरले चिरंजीव. आई राधाबाई रघुनाथ नऊ-दहा वर्षांचा असताना बाळंतपणात गेल्या. पुढे वडिलांनी एका विधवेशी लग्न केले, विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ स्थापले. योगायोग असा, की म्हैसूर विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची. वडिलांनी बायकांना शिकायचा हक्क मिळवून दिला, त्याबद्दल त्यांना भारतरत्न मिळाले. मुलगा त्याच वाटेने आणखी चार पावले पुढे गेला आणि लोकांनी त्याच्या नावाने बोटे मोडली. घराण्याचा कित्ता इतका जवळ असूनही सत्कार एकाचा आणि खटले दुसऱ्यावर, हे महाराष्ट्रात घडले हे आपण फार सहज विसरतो.

रघुनाथराव पॅरिसला गणिताच्या पदविकेसाठी गेले होते. ते शिकून येण्याच्या सुमारासच, १९२० साली, फ्रान्सने गर्भनिरोधनाच्या प्रचारावर बंदी घालणारा कायदा केला. युद्धात माणसे मेली होती, सरकारला मुले हवी होती. तेव्हा 'पाश्चात्त्यांची घाण इकडे आणली' हा त्यांच्यावरचा नेहमीचा आरोप तपासून पाहावा असा आहे. त्यांनी जी गोष्ट मुंबईत मांडली ती मांडल्याबद्दल पॅरिसमध्ये शिक्षा झाली असती. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनच्या दवाखान्याचेही वर्ष तेच. पत्नी मालतीबाई या कामात बरोबरीने होत्या. मूल होऊ द्यायचे नाही असे दोघांनी ठरवले होते आणि रघुनाथरावांनी स्वतः नसबंदी करून घेतली होती. १९२३ साली 'संततिनियमन : आचार आणि विचार' हे पुस्तक आले.

या सगळ्या काळात ते विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. मिशनरी संस्था, चौपाटीसमोरची देखणी इमारत. शिकवणीबद्दल तक्रार नव्हती. वर्गात ते काही वेगळे सांगत होते असेही नव्हे. पण जो माणूस बाहेर गर्भनिरोधकांवर लिहितो तो आत विद्यार्थ्यांसमोर फळ्यापाशी उभा राहतो, हे व्यवस्थापनाला चालेना. काम सोडा नाहीतर नोकरी, असे झाले तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. मला या प्रसंगात नेहमी एक गोष्ट जाणवते. ज्या मुलांना जपायचे म्हणून प्राध्यापकाला घालवले, त्या मुलांना काय हवे होते हे कोणी विचारले नाही. आमच्या सूचनाफलकावरही तेच झाले, फक्त आता नोकरी जात नाही, शीर्षक जाते.

१५ जुलै १९२७ रोजी कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १४ ऑक्टोबर १९५३ रोजी मृत्यू येईपर्यंत ते चालवले. शेवटचा अंक त्यांच्या मागे, नोव्हेंबरात निघाला. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे, त्यामुळे सभ्य घरांत ते उशीखाली राही. इथे बंगळूरचा एक धागा सांगण्याजोगा आहे. पहिला अंक छापला जात होता त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात महात्मा गांधी प्रकृती ढासळल्यामुळे विश्रांतीसाठी आधी नंदी हिल्सवर आणि मग बंगळूरच्या कुमार पार्कमध्ये राहिले होते. त्याच वर्षी त्यांचे ब्रह्मचर्य आणि आत्मसंयमावरचे लेख इंग्रजीत पुस्तकरूपाने आले. गर्भनिरोधकांना त्यांचा विरोध होता. मुले नको असतील तर संयम पाळावा, हे त्यांचे उत्तर. १९३५च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांच्याशी वाद घालून गेल्या, तरी ते उत्तर बदलले नाही. म्हणजे एकाच वर्षी, एकाच विषयावर, एक पुस्तक आणि एक मासिक. पुस्तक देशभर गेले. मासिक चालवणाऱ्याला पदरमोड करावी लागली.

पण मासिकात एक जागा अशी होती जी पुस्तकात नव्हती : वाचकांचे प्रश्न. लोक पत्र लिहून विचारत आणि कर्वे छापून उत्तर देत. हस्तमैथुनाने काय होते, समलिंगी आकर्षण म्हणजे रोग का, पत्नीला सुख वाटते की नाही हे कसे कळावे. उत्तर थोडक्यात, कोरडे, बहुतेक वेळा खोचक. प्रश्नकर्त्याचे लग्न झाले आहे की नाही याची चौकशी करण्यात त्यांना रस नव्हता. शरीर आहे तर शरीराविषयी प्रश्न असणारच, एवढीच त्यांची भूमिका. मला त्यांचा हा कोरडेपणा आवडतो, जरी काही वेळा तो निर्दय वाटतो. घाबरलेल्या पोराला शास्त्र सांगताना चिमटा काढायची गरज नसते. शिवाय सुप्रजननशास्त्राचे, म्हणजे 'चांगली' प्रजा कोणी निपजवावी या विचाराचे, वारे त्या काळच्या बहुतेक सुधारकांना लागले होते, आणि कर्व्यांचे लेखनही त्यापासून पूर्ण मोकळे नाही. तरी त्यांच्या समकालीनांच्या लेखनात लोकसंख्या, वंश, राष्ट्र हे शब्द पुढे असतात आणि कर्व्यांकडे आरोग्य आणि सुख पुढे असते, हा फरक राहतोच.

आणि खटला भरला गेला तो याच जागेसाठी. १९३१ साली व्यभिचारावरच्या लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला होता. १९३४ साली पुन्हा पकडले, आणि यावेळी आक्षेप होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, आणि वाचकाने विचारले तर त्याला उत्तर मिळायला हवे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला. दंड दोनशे रुपये. आंबेडकरांनी विषय सोडला नाही. १९३८च्या नोव्हेंबरात मुंबईच्या विधिमंडळात त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यामागचे भाषण आंबेडकरांचे होते. तोही ठराव पडला. आपण आंबेडकर शिकवतो तेव्हा महाड, पुणे करार, घटना शिकवतो. प्रश्नोत्तरांच्या सदरासाठी कोर्टात उभे राहिलेले आंबेडकर माझ्या विद्यार्थ्यांना माहीत नव्हते, आणि खरे सांगायचे तर इतिहासाची पदवी घेताना मलाही कोणी सांगितले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर गोष्ट पुन्हा आमच्या बाजूला येते. १९५१–५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आणि भारत सरकारने मिळून म्हैसूर राज्यात लोकसंख्येची एक मोठी पाहणी केली. तिचा अहवाल १९६१ साली निघाला. बंगळूर शहरातल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या नवरा-बायकोंना विचारले : किती मुले हवीत, थांबवायचा उपाय कळला तर शिकाल का? शिकायची तयारी पुष्कळांनी दाखवली. प्रश्नावली जोडप्यांसाठी होती, तेव्हा ज्यांचे जोडपे झाले नव्हते ते मोजणीतच आले नाहीत.

याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने एक प्रयोग झाला, दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि बंगळूरपासून तासाभराच्या अंतरावरच्या रामनगरमला. हो, तेच गाव जिथल्या खडकांत पुढे 'शोले' चित्रित झाला. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीजींच्या शिष्या. साधने त्यांना नको होती. म्हणून न्यूयॉर्कचे डॉ. अब्राहम स्टोन यांच्या देखरेखीखाली 'सुरक्षित दिवसां'ची पद्धत शिकवायचे ठरले. बायकांना मण्यांच्या माळा दिल्या. रोज एक मणी सरकवायचा. हिरवा मणी असेल तो दिवस सुरक्षित, लाल असेल तेव्हा दूर राहायचे. प्रयोग फसला. थोड्याच बायका शेवटपर्यंत टिकल्या, आणि मणी सरकवणारीच्या हातात लाल दिवशी 'नाही' म्हणायची सत्ता होती का, हा प्रश्न माळेत ओवलेला नव्हता. मला मात्र ती माळ इतकी टाकाऊ वाटत नाही. पाळीचे चक्र म्हणजे काय, त्यात कोणता दिवस कुठे येतो, हे बोटांनी मोजून दाखवणारी ती एक वस्तू होती. तीच माळ रामनगरमच्या शाळेत-कॉलेजात, चौदा-सोळा वर्षांच्या मुलींच्या हातात दिली असती तर? गर्भनिरोधक म्हणून नव्हे, नुसते आपले शरीर कळावे म्हणून. पण कल्पनाच कोणाला सुचली नसणार.

पुढची वीस वर्षे लाल त्रिकोणाची. १९६८ साली 'निरोध' बाजारात आला, पंधरा पैशांना तीन. किराणा दुकानात, पानपट्टीवर ठेवला म्हणून तो पहिल्यांदाच कोणाचीही चौकशी न करता मिळू लागला. हे काम कोणत्याही शिक्षणखात्यापेक्षा वाण्याने जास्त केले. पुण्यात शकुंतला परांजपे, रघुनाथरावांच्याच प्रेरणेने या कामात आलेल्या, केंब्रिजला गणित शिकलेल्या, १९३८पासून हे काम करत होत्या आणि पुढे त्या राज्यसभेवरही गेल्या. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीने या सगळ्यावर बोळा फिरवला. कुटुंबनियोजन म्हटले की लोक पोलिसाची जीप आठवू लागले.

जगात हा 'विवाहित' शब्द कुठे आणि कसा गळून पडला, ते शोधताना एक प्रसंग सापडला तो मी वर्गात सांगतेच. एप्रिल १९६७, बोस्टन विद्यापीठ. बिल बेअर्ड नावाच्या कार्यकर्त्याने विद्यार्थ्यांपुढे गर्भनिरोधनावर भाषण दिले आणि शेवटी एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थिनीच्या हातात साधन ठेवले. मॅसॅच्युसेट्स राज्यात लग्न न झालेल्या व्यक्तीला असे काही देणे गुन्हा होता. त्याला तिथेच अटक झाली. १९७२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हा हक्क विवाहितांना असेल तर अविवाहितांनाही आहे. इंग्लंडमध्ये हेलन ब्रूक यांनी १९६४ साली अविवाहित तरुणांसाठी म्हणून वेगळे दवाखाने काढले, तेव्हा मेरी स्टोप्सच्या दवाखान्याला त्रेचाळीस वर्षे झाली होती. म्हणजे तिकडेही काही फार घाई झाली नव्हती.

आपल्याकडे कॉलेजच्या मुलांशी सरकार पहिल्यांदा नीट बोलले ते एड्समुळे. १९८६ साली मद्रासमध्ये एचआयव्हीचे देशातले पहिले रुग्ण आढळले. तपासण्यांसाठी रक्ताचे नमुने गोळा करत हिंडणारी सेल्लप्पन निर्मला ही मद्रास मेडिकल कॉलेजची पदव्युत्तर विद्यार्थिनी होती, आणि तिच्या मार्गदर्शक डॉ. सुनीती सोलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबातल्या. पुढे त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. जी. केअर ही संस्था काढली. १९९१ साली राष्ट्रीय सेवा योजनेने 'विद्यापीठे एड्सवर बोलतात' असा कार्यक्रम सुरू केला, नंतर कॉलेजांत रेड रिबन क्लब आले. मी त्याच पिढीतली. आम्हाला स्लाइडवर विषाणू दाखवले, सुईचे धोके सांगितले, पथनाट्ये करवून घेतली. बक्षीसही मिळाले आमच्या गटाला. पाळी का चुकते हे मात्र त्या तीन वर्षांत एकदाही कोणी सांगितले नाही. रोगाच्या आडोशाने शरीरावर बोलता येत होते, रोग नसला तर आडोसाही नव्हता. एवढे करूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१च्या फेरीत एचआयव्हीची पुरेशी आणि बिनचूक माहिती असलेल्या बायका सुमारे २२ टक्के, पुरुष सुमारे ३१ टक्के निघाले.

मग २००७. केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम शाळांत आला होता. त्यातल्या चित्रांच्या तक्त्यांवरून गदारोळ झाला आणि महाराष्ट्र व कर्नाटक दोन्ही राज्यांनी त्याच वर्षी तो थांबवला. सीमाप्रश्नावर एकमेकांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेली ही दोन सरकारे इथे एकमताची झाली. कर्व्यांचे राज्य आणि पहिल्या सरकारी दवाखान्यांचे राज्य. २००९ साली वेंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीने अहवाल दिला, त्यात शाळांत असे शिक्षण नको आणि लग्नाआधी संबंध नाहीत हाच संदेश मुलांना द्यावा, असे म्हटले होते. पुन्हा तोच शब्द दारात येऊन उभा. शाळेत जे मिळाले नाही ते घेऊन मुले अठराव्या वर्षी आमच्याकडे येतात आणि आम्ही त्यांच्यासाठी बुटांचा खोका ठेवतो.

त्या खोक्यातल्या मुलांच्या निम्म्या चिठ्ठ्या 'अशक्तपणा'विषयी होत्या. वीर्य गेले म्हणजे शक्ती गेली, ही भीती. या भीतीपायी खंगणाऱ्या तरुणांच्या अवस्थेला १९६० साली डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी 'धात सिंड्रोम' असे नाव दिले, कर्व्यांनी हीच भीती त्याच्या कितीतरी आधी मासिकात खोडून काढली होती, डॉ. महिंदर वत्सा यांनी २००५ पासून, वयाची ऐंशी उलटल्यावर, 'मुंबई मिरर'मध्ये पंधरा वर्षे जवळजवळ रोज तिलाच उत्तर दिले. रेल्वे रुळांकडेच्या भिंतींवर तंबूवाल्या वैद्यांच्या जाहिराती अजून रंगवलेल्या असतात. त्यांचा धंदा त्याच भीतीवर चालतो.

मुलींच्या चिठ्ठ्यांत भीती वेगळी. ती कायद्याच्या आणि दवाखान्याच्या दारातली आहे. १९७१च्या गर्भपात कायद्यात गर्भनिरोधक फसल्याचे कारण ग्राह्य होते, पण ते 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांनी वापरलेले असले तर. पन्नास वर्षे ही शब्दयोजना तशीच होती. २०२१च्या दुरुस्तीने 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे केले, आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांच्या मुदतीतही अविवाहितेला वगळता येणार नाही असे स्पष्ट केले. पण अठराच्या आतल्या मुलीची अडचण निराळी. २०१२च्या पोक्सो कायद्याने तिच्या संमतीला अर्थ नाही, आणि कळले की पोलिसांना कळवणे डॉक्टरला बंधनकारक. आमच्या पदवीच्या पहिल्या वर्षात सतरा वर्षांच्या मुली असतात. २०२२च्याच निकालात न्यायालयाने सांगितले, की अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने तिची ओळख उघड करू नये. हे वाक्य प्रत्येक कॉलेजच्या भिंतीवर लावायला हवे असे मला वाटते. त्याऐवजी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी कोणत्या समितीकडे जावे याचा फलक लागतो. तोही हवाच, पण आम्ही आता शरीराविषयी फक्त गुन्ह्याच्या भाषेत बोलतो, जसे मागे रोगाच्या आणि त्याआधी लोकसंख्येच्या भाषेत बोलत होतो.

व्याख्यानाच्या दिवशी डॉक्टर वेळेवर आल्या, त्यामुळे माझी दहा मिनिटे दहाच राहिली. मी ११ जून १९३० सांगितले, कर्वे सांगितले, आणि ती मराठी चिठ्ठी इंग्रजीत भाषांतर करून वाचली. डॉक्टर जरा थांबल्या. म्हणाल्या, हा प्रश्न मीसुद्धा रोज विचारते. मला लग्नाशी काही देणेघेणे नसते. गर्भ राहिला असण्याची शक्यता आहे का, एवढेच हवे असते. पण ते सरळ विचारायला तोंड उघडत नाही, म्हणून 'मॅरीड?' म्हणते. मुलगी 'नाही' म्हणते, मग मी तपासणी अर्धी सोडते, आणि कधी कधी त्यातच काहीतरी राहून जाते.

मग त्यांनी मुलांनाच विचारले, तुमच्या भाषेत हा प्रश्न सरळ, अपमान न वाटता कसा विचारावा? कन्नडमध्ये दोन-तीन वाक्ये पुढे आली, त्यांवर हशा पिकला. तमिळवाल्यांनी एकमेकांकडे पाहिले. मराठीसाठी डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. 'शरीरसंबंध आला आहे का' हे पंचनाम्यातले वाटते. 'कोणाबरोबर राहिलीस का' ही सासूची चौकशी. सव्वीस वर्षे एका माणसाने या भाषेत हाच विषय लिहिला, आणि मला उभ्या उभ्या एक वाक्य सुचले नाही. शेवटी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, 'मॅम, प्रेग्नंट असशील असं वाटतं का, एवढंच विचारा ना.' डॉक्टरांनी ते वहीत लिहून घेतले. चिठ्ठी तिचीच होती का, हे मी विचारले नाही.

खोका अजून ग्रंथालयाच्या दाराशी आहे. या सत्रात त्यात एकोणीस चिठ्ठ्या आल्या आहेत. पुढचे व्याख्यान अजून ठरायचे आहे.